चार बेटं आणि एक माळा

कोकण किनाऱ्यावरच्या वटवाघळांचं भवितव्य एकाच माणसाच्या खांद्यावर आहे आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी फार पूर्वी मान्य करून टाकलं. मान्य न केल्यास मामा पुन्हा पहिल्यापासून समजावत. आचऱ्याला राहणारे हे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पोहता येत नसताना, वर्षानुवर्षं होडी करून समोरच्या चार बेटांवर जात आणि कुठल्या बेटावर वटवाघळांच्या किती जाती, याची तुलना करत. लग्नात अक्षता टाकतानाही विषय बेटांवरच येई. बेट जितकं लांब तितक्या जाती कमी, हा नियम. पण सर्वांत लांबच्या बेटावरच्या गुहेत, नाकावर पानासारखी घडी असलेली एक जात आहे आणि ती या भागात दुसरीकडे कुठेच नाही, हा मामांचा शोध. ती त्यांनी एकदाच, ओझरती पाहिली होती. तज्ज्ञ हसले. ते हसणं मामांच्या जिव्हारी लागलं होतं.

मामींची तक्रार वेगळी. "माळ्यार वाघळां आसत, जरा बघशात?"

"माळा म्हणजे बेट नव्हे," मामा म्हणत.

यंदा गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी होडी बंद करायला सांगितली. पावसासाठी होड्या वर ओढण्याआधीची ही शेवटची खेप. होडीवाला बाबलो देवाचा कौल घेतल्याशिवाय निघेना. जन्मभर कौलाला हसलेले मामा देवळात श्वास रोखून उभे, देवाला लावलेली उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची ते बघत. उजवी पडली, म्हणजे होकार. "देवाला शास्त्र कळतं," मामा म्हणाले.

"जावयबापू, तुमी वांगडा जावा. ह्येंका पोवाक येणा नाय," मामी म्हणाल्या. मलाही पोहता येत नाही, हे सांगायचं राहून गेलं आणि मी सोबत निघालो.

सर्वांत लांबच्या बेटावर मामा गुहेत शिरले आणि लाटा वाढल्या. होडी खडकावर आपटू लागली. "मास्तरानू, वारो फिरलो! माका पोरांबाळां आसत!" बाबलो ओरडत होता. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली. अखेर मामा लंगडत बाहेर आले, फोन छातीशी धरून. फोटो मिळाला होता.

घरी मामींनी चष्मा लावून तो पाहिला. "ह्यां तर आमच्या माळ्यारलां!"

मामा तडक शिडी चढले. आम्ही खाली शिडी धरून, एकमेकांकडे न बघता उभे. मग वरून हळू आवाज आला, "अगो, पिल्लं पण आहेत."

हल्ली संध्याकाळी मामा शिडीवर असतात आणि मामी शिडी धरतात. मामांच्या यादीत आता घर धरून बेटं पाच झाली आहेत. पाचव्यावर नळाला पाणी येतं.