उद्घाटनाची पंगत

आमच्या घराशेजारी कल्याणमंडप होता. लग्नसराईत त्याच्या मागच्या गल्लीत उष्ट्या केळीच्या पानांचा ढीग पडायचा. कुंभकोणमच्या उन्हात त्यातलं रसम् आणि पायसम् आंबलं की वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पण खरी किळस यायची ती आमच्याच तंजावरी मराठी लोकांची. आत तड लागेपर्यंत जेवायचं आणि बाहेर येऊन नाकाला उपरणं लावत गल्लीला नावं ठेवायची!

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात वाणिज्य शिकवत होते. उद्योग कसा काढावा हे फळ्यावर लिहून हात पांढरे व्हायचे, प्रत्यक्षात पानाची टपरीसुद्धा कधी काढली नव्हती. ती पानं शेणात कुजवून खत करावं, कावेरीकाठच्या पानमळ्यांना विकावं, आणि पानं उचलणाऱ्या चार बायकांनीच त्याच्या मालकिणी व्हावं, असं माझ्या डोक्यात आलं. आमचे एक चुलते निवृत्त इंजिनिअर, गावातल्या एका क्लबचे अध्यक्ष. ते स्वामीमलैच्या रस्त्यावरची आपली पडीक जागा द्यायला तयार झाले. अट एकच, मी नोकरी सोडून हे चालवायचं.

वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर चाललं होतं. आई म्हणाली, "इतकं शिकवलं तें उष्टीं काढायास कां गे?" मी राजीनामा आज देते, उद्या देते करत राहिले. चुलत्यांना मात्र दम कुठला! त्यांनी उद्घाटनच ठरवून टाकलं, त्याच कल्याणमंडपात, जेवणासकट.

भाषणात त्या चौघी 'आमच्या भगिनी' झाल्या, 'उद्याच्या मालकिणी' झाल्या. चुलत्यांच्या खांद्यावर शाल पडली. मग पानं मांडली गेली आणि मालकिणी कुठे दिसेनात. बघते तर मागच्या दाराशी टोपल्या घेऊन उभ्या.

मी चुलत्यांना विचारलं. पानावर तूप वाढून घेत ते म्हणाले, "त्यांस मागाहून वाढूं गे. अधीं आपली पंगत होऊं दे. आणि आजचीं पानं त्याच उचलतील. पहिला माल तो!"

सगळी पंगत खदखदून हसली. माझ्या तोंडातला भात तोंडातच फिरायला लागला.

आमच्यात थोरांच्या आधी पंगतीतून उठत नाहीत. उठलं तर तो अन्नाचा अपमान, वाढणाऱ्याचाही. मी उठले. पान मिटलं, हातात घेतलं आणि मागच्या दाराशी गेले. पाठीमागे कुजबुज सुरू झाली. होऊ दे म्हटलं.

चौघींतल्या थोरलीला मी अक्का म्हणायची. ती तमिळमध्ये म्हणाली, "जेवणाचं राहू दे अम्मा. खताच्या कामाला जाणार म्हणून मंडपवाल्यानं आमच्या जागी दुसऱ्या बायका ठरवल्यात. आजचा दिवस संपला की इथलं काम गेलं. तू येणार आहेस की नाही, तेवढं सांग."

पुढे कित्येकांनी मला विचारलं, तुम्हाला त्यांची दया आली का? दया कसली! मला ओकारी येत होती, आणि ती पानांची नव्हती.

मी तिच्याजवळची एक जादा रिकामी टोपली घेतली आणि पंगतीत शिरले. ज्यांचं जेवण झालं होतं त्यांची पानं उचलली. चुलत्यांचं अजून ताक चाललं होतं.

"काका, आटपा," मी म्हटलं. "पहिला माल थांबलाय."

त्यांचं तोंड लालबुंद झालं. "माझ्या जागेंत पाऊल टाकूं नको," एवढंच बोलले आणि ताक तसंच टाकून उठले. मी त्यांचंही पान उचललं, बाकीची त्या चौघींनी भरली. आम्ही पाचजणी भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन मंडपाबाहेर पडलो. जागा गेली होती. आता जायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही. मीच पुढे चालत होते.

आमच्या घराच्या परसाचं दार वाजवलं. आईनं फटीतून बघितलं आणि नाकाला पदर लावला.

"अधीं न्हाऊन ये. मग आंत."

"न्हाते मागून. आधी दार उघड, हे परसात उतरवायचंय. इथंच खड्डा काढायचा."

आई त्या चौघींकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आणि कॉलेज?"

"सोडलं," मी म्हटलं. तोवर ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

कडी काढायला तिनं इतका वेळ लावला, की टोपलीतलं रसम् माझ्या मानेवरून पाठीत उतरायला लागलं.