कटाउटच्या पाठचा हिरवा रंग

आमच्या घरात दोन शिक्षक झाले, एक वकील झाला आणि मग मी झालो. कर्जतला आमच्या आळीतलं कुणी गाडी चालवून पोट भरेल ही कल्पनाच कुणाला सहन होणारी नव्हती. मी मात्र एका जुन्या जीपची पाठ कापून केलेला पिकअप घेतला आणि कशेळ्याहून कर्जत स्टेशनपर्यंत दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि उरलेल्या जागेत बसतील तेवढी माणसं वाहू लागलो. नाक्यावरचे ड्रायव्हर मला ‘पंत’ म्हणत. आदराने म्हणत असतील असा माझा बरीच वर्षं समज होता.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या गाडीत बोनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर, काळ्या झाकणाची एक डबी असे. डायनॅमोची वीज बॅटरीला किती पोचवायची आणि कधी थांबवायची, हे ती डबी ठरवी. तिला सगळे कटाउट म्हणत. माझा कटाउट भाद्रपदात गेला. कशेळ्याच्या नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका होते, त्यांच्याकडे गेलो.

काका भातशेतीच्या घरातले. तरुणपणी कुठल्याशा लष्करी वर्कशॉपात हे काम शिकलेले. आता साठी उलटली होती, डोळ्यांना कमी दिसे, पण बोटांना सगळं कळे. वायर चिमटीत धरून तिच्या जाडीवरून ती कुठली ते सांगत. नवीन कटाउट बसवण्याआधी त्यांनी खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासघासून चांदीसारखा लखलखीत केला. का घासतात, हे विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा चहाच्या टपरीवर कसला तरी किस्सा सांगत होतो. किस्सा चालू असताना मी कधी कुणाला काही विचारत नाही.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी नाक्यावर सगळ्या गाड्या धुऊन पुसून ओळीने उभ्या राहत, पूजा होई, झेंडूच्या माळा चढत, आणि बोनेट उघडून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवण्याचा एक मोठा कार्यक्रम होई. आपल्या गाडीला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी मी बोनेट उघडलं. कटाउटभोवती तो खरवडलेला पत्रा खरूज उठल्यासारखा दिसत होता. घरच्या खिडक्यांना दिलेला हिरवा तेलरंग उरला होता. दोन स्क्रू काढले, डबी वायरींवर लोंबकळत ठेवली, मागे दोन हात हिरवे मारले आणि वाळल्यावर डबी परत बसवली. दुसऱ्या दिवशी चौघांनी तोंडभरून कौतुक केलं. मी ते नम्रपणे स्वीकारलं, म्हणजे ज्यांनी केलं नाही त्यांना बोलावून दाखवलं.

आठवड्याभरात गाडीला वेड लागलं. दिवे मधूनच भगभगीत पेटत आणि बल्ब उडत. बॅटरी उकळून अ‍ॅसिड बाहेर येऊ लागलं. त्यात माझ्या दसऱ्याच्या नव्या पँटला दोन भोकं पडली, तीही अशा जागी, की चार दिवस मी सगळ्यांकडे तोंड करूनच उभा राहत होतो. शेवटी एका दुपारी भर रस्त्यात गाडी मेली. किटल्यांतलं दूध नासलं. गाडी ढकलत मी नाक्यावर आलो.

“काका, तुमचा कटाउट गेला.”

“महिना नाय झाला, जातोय कसा? कुनी खोललावता का?”

“कुणी नाही.”

हे मी खोटं बोललो नाही. मी रंग दिला होता, खोलला कुठे होता?

“बघू दे तरी. बोनेट उघड.” त्यांनी बोनेटवर हात ठेवला.

उघडायला काय हरकत होती? पण समोर तिघे ड्रायव्हर उभे होते आणि माझ्या तोंडात एक वाक्य तयार होऊन बसलं होतं. असं वाक्य मला कधी गिळता आलं नाही.

“काका, कटाउट राहू दे. आधी डोळे बदलून आणा!”

तिघेही खदाखदा हसले. काकांनी हात काढून घेतला. “जा मंग,” म्हणाले आणि आत गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण टपरीवर मी त्याचा प्रयोग लावला. काका वायर हुंगून ओळखतात, काका रेडिएटरला नमस्कार करून ‘बसा पाव्हनं’ म्हणतात. माणसं चहा सांडेपर्यंत हसायची. तो किस्सा एसटीतून, जीपमधून माझ्यापुढे धावला. महिनाभराने खालापूरच्या एका ड्रायव्हरने तो मलाच ऐकवला, कुठल्या तरी भलत्याच माणसाचा म्हणून.

महिनाभर उसन्या बॅटऱ्यांवर गाडी रेटून त्या दिवशी मी खालापूरला दुसऱ्या एका वायरिंगवाल्याकडे ती दाखवायला गेलो होतो. त्याने कटाउट काढला, उलटा केला, पत्र्याकडे पाहिलं.

“हे हिरवं कुणी केलं?”

मी टायरची हवा बघू लागलो.

“अहो, या डबीला परतीची वायर नसते. ती पत्र्याला टेकते, तो पत्राच तिची वायर. तुम्ही मधे रंग भरलात. कधी टेकते, कधी नाही. ती बिचारी करणार काय?”

त्याने चाकूने रंग खरवडला आणि तीच डबी परत बसवली. चहा येईपर्यंत काम संपलं. दिवे शहाण्यासारखे जळू लागले.

तसाच कशेळ्याला आलो. काकांच्या दुकानासमोर पूर्वी दोन-तीन गाड्या उभ्या असत. आता एकही नव्हती. काका जुन्या वायरींचे तुकडे सरळ करत बसले होते. मी सगळं सांगितलं, खिडक्यांच्या रंगासकट.

“मला त्या दिशीच वाटलं,” ते म्हणाले. “डबीला पत्र्याची अर्थिंग मिळत नसंल. म्हनून तर बोनेट उघड बोल्लो.”

“चुकलं माझं, काका.”

“मला सांगून काय उपेग? मला ठावं हाय. तितं सांग.” त्यांनी हनुवटीने रस्त्यापलीकडची टपरी दाखवली.

गेलो. सरळ सांगायचं, हातवारे करायचे नाहीत, असं ठरवून गेलो. पहिली दोन वाक्यं सरळ गेलीसुद्धा. मग तो हिरवा रंग आला, आणि माझा हात आपसूक कुंचला धरल्यासारखा वर गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! मग मी, माझी पँट, तिची भोकं, खंडेनवमीची ऐट, सगळं आलं. इतकं रंगून मी आयुष्यात काही सांगितलं नसेल.

शेवटी एकाने डोळे पुसत म्हटलं, “पंत, म्हाताऱ्यापायी किती रचाल! मन मोठं हाय तुमचं.”

“रचत नाही रे, खरं आहे!”

आणखी हसले.

“शप्पथ!”

एकजण हसता हसता बाकावरून खाली आला.

मी रस्ता ओलांडून परत आलो. काका दारात उभे होते. दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येत होतं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मंग हसले कशापायी?”

मी गाडीची किल्ली चाचपू लागलो.

“तुला दुसरं कायच येत नाय का रं?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. खरोखरच विचारत होते.

गाड्या परत आल्या नाहीत. मी एकेकाला बाजूला घेऊन सांगायचो, तर तो किस्सा सुरू होणार म्हणून आधीच हसू लागे. शिमग्यानंतर काकांनी दुकान बंद केलं. मुलगी मोहोपाड्याला होती, जावई तिथल्या कारखान्यात. काका-काकू दोघं तिकडे निघाली. सामान न्यायला काकूंनी मला बोलावलं. काकांनी बोलावलं नसतं. पुढच्या सीटवर ते माझ्या शेजारी बसले.

जावयाच्या क्वार्टरपाशी सामान उतरवताना शेजारचे एक गृहस्थ मदतीला आले. बोलके होते.

“काय काका, गावाला काय करत होता?”

“शेती,” काका म्हणाले.

“शेतीच फक्त?”

“व्हय.”

त्यांच्या पान्यांची आणि पक्कडींची ट्रंक तेव्हा माझ्या हातात होती. त्या जड ट्रंकेने माझे खांदे उतरले होते. कर्जतपासून मुरबाडच्या वाटेपर्यंत जेवढ्या गाड्या फिरतात त्यांतल्या अर्ध्यांचं वायरिंग या माणसाचं आहे, एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं. आलं ते वाक्य गमतीचं होतं. ते मी कसंबसं गिळलं, आणि मग त्याच्यामागे दुसरं काही निघेना.

काकू म्हणाल्या, “ती पेटी खाटंखाली सरकव.” मी सरकवली आणि निघालो.