हरणाचे तात्पर्य

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आमच्या शाळेतल्या सावंतबाईंचे. प्रत्येक गोष्टीचे तात्पर्य फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंनी जादूच्या हरणाची कादंबरी देताना मात्र बजावले होते, “याचं तात्पर्य विचारायचं नाही हं!” हरीण मेले त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

परवा ती पुन्हा वाचली. हरीण म्हणजे देव, हे पानोपानी ओरडून सांगितलेले. मला रडू येईना. मग मुलीने ती वाचायला घेतली आणि हुंदके देऊ लागली. मी तिच्यावर अक्षरशः जळलो.

“बाबा, ते परत येतं का हो?”

“अगं, ते हरीण म्हणजे...” पुढचे गिळले. “वाच की तूच.”

बाईंना पत्र लिहिले : ‘आज मीही तात्पर्य सांगितले नाही. फार जड गेले. बाई, तेव्हा तुम्हालाही माझा हेवा वाटला होता का?’