शिवपुत्रअण्णांची आटणी

आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, शिवपुत्रअण्णांइतका खात्रीचा माणूस दुसरा नव्हता, आणि मला आयुष्यातला सगळ्यात मोठा हादरा दिला तोही त्यांनीच. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमलं, असं कुणी विचारलं की माझं डोकं सटकतं. अण्णा काही दोन नव्हते. ज्या स्वभावामुळं लोक डोळे मिटून त्यांच्याकडून चांदी घ्यायचे, त्याच स्वभावानं त्यांचा घात केला.

अण्णा मूळचे हुपरीचे. लिंगायत घर, पिढ्यान् पिढ्या चांदीत. हुपरीला भावांचा कारखाना, कोल्हापुरात गुजरीत अण्णांचं दुकान आणि दुकानावरच राहतं घर. समोरच्या जिन्याखाली माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, आणि आवाज असा की ते फोनवर हळू बोलायला लागले तरी माझ्याकडचं गिऱ्हाईक वळून बघायचं. चांदी हातात घेऊन त्यांनी एकदा 'चोख हाय' म्हटलं की गुजरीत तो विषय संपला.

पण अण्णांचं दुकान चालायचं पैंजणांवर, आणि पैंजण चालायचे शिवगंगाअक्कांच्या बोटांवर. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या कागदावर काही काढायच्या नाहीत. दुपारची जेवणं आटोपली की तांब्याची बारीक तार घेऊन बसायच्या आणि शेजारणीशी बोलता बोलता ती वळत राहायच्या. त्यातून कधी कोयरी निघायची, कधी चिंचेचा पाला, कधी उसाचा तुरा. हुपरीचे कारागीर त्या तारेवरून चांदीत पैंजण घडवायचे आणि नमुन्याचा एक पैंजण दुकानामागच्या कपाटात खिळ्याला टांगून ठेवायचे.

मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. आता नवा नमुना होणार नव्हता. कपाटात जे टांगलं होतं तेवढंच अक्कांचं उरलं होतं.

अण्णांनी कॉम्प्युटर घेतला तो या नमुन्यांसाठी. स्कॅनर मी जोडून दिला. अण्णा काचेवर पैंजण पसरायचे, वर काळं फडकं टाकायचे आणि बटण दाबून देवघरात उभं राहिल्यासारखे गप्प उभे राहायचे. सगळे नमुने असे आत गेले. आणि त्यानंतर अण्णांनी काय केलं, तर कपाट रिकामं करून सगळे पैंजण हुपरीला नेले आणि आटवले!

मी विचारलं तर म्हणाले, "चांदी अशी खिळ्याला टांगून ठिवायची नसती, विजू. चित्रं हायत की आता."

चांदीच्या धंद्यात यात कुणाला वावगं वाटत नाही. जुनं मोडायचं, आटवायचं, नवं घडवायचं. अक्कासुद्धा काही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी अण्णा त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्चीत आणून बसवायचे आणि एकेक चित्र उघडायचे. एखाद्या चित्रावर अक्का डावा हात उचलून 'थांबा' अशी खूण करायच्या. मग ते चित्र बराच वेळ तसंच राहायचं आणि अण्णा बाजूला बसून पेपर वाचायचे.

"अण्णा, याची एक सीडी काढून माझ्याकडं ठेवूया," असं मी किती वेळा म्हटलं असेन, तोंड दुखलं माझं.

"नगं. हुपरीत नमुना उंबऱ्याभाईर पडला की चार दिसात धा घरांत हुतोय. ऱ्हाऊ दे एकाच जाग्याला." हा माणूस चांदी सगळ्यांना दाखवायचा आणि नमुना कुणालाच नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्याच्या तोंडावर राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलं. मी निघालो तर अण्णाही माझ्या गाडीवर मागं बसून आले. तिथं एका टेबलावर कॉलेजची मुलं लिनक्सच्या सीड्या फुकट वाटत होती. विंडोजच्या जागी चालणारी, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेली ही प्रणाली. तिच्या नव्या आवृत्तीची बाजारात यायच्या आधीची कच्ची प्रत त्या सीडीत होती. अण्णांचं लक्ष गेलं ते टेबलावरच्या स्क्रीनकडं, कारण तिथं 'फाइल उघडा', 'बंद करा' असं सगळं मराठीत दिसत होतं. अण्णांना इंग्रजी यायचं नाही. कुठलं बटण कुठं हे त्यांनी जागेवरून पाठ केलं होतं.

"ही पक्की नाही, काका," त्यातला एक मुलगा म्हणाला. "ही बीटा आहे. वापरून बघायची आणि काय चुकतंय ते आम्हाला कळवायचं."

अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "म्हंजे कसाला दिलीया म्हणा की!" कस लावणं हे त्यांचं जन्माचं काम. जगानं आपल्याकडं काहीतरी कसाला पाठवलंय, यात त्यांना केवढा मान वाटला!

परत येताना मी बजावलं, "अण्णा, ही सीडी घालून नुसती चालवून बघा. आत बसवू नका. सीडीवरूनच चालते ती."

"नुसतं बघून चांदी तरी कळती व्हय?" अण्णा मागून माझ्या कानात ओरडले. मला वाटलं, गंमत करतायत.

दुसऱ्या दिवशी मी भातपेरणीला शाहूवाडीकडं आमच्या गावी गेलो. आठवडाभरानं येऊन दुकानाचं शटर वर करतोय तोच समोरून हाक आली. "विजू, ये, ये! बघ काय बसिवलंय!"

वर गेलो. स्क्रीनवर नवीकोरी लिनक्स, सगळी मराठीत. घड्याळ साडेपाच तास मागं. आवाज नाही. मराठी म्हणावी तर अर्धी, मधेच इंग्रजी. आणि 'बंद करा' म्हटलं की स्क्रीन निळा होऊन तसाच राहायचा, बंद काही व्हायचा नाही. अण्णांनी हे सगळे दोष मोठ्या अभिमानानं मला दाखवले. भजनांच्या साऱ्या सीड्याही आत भरून बघितल्या होत्या, कस लावायला.

"आणि नमुने?" मी विचारलं.

"हायत की आत."

"कुठं आत?"

"ते तू आलास की काढशील म्हटलं. मी वजन बघिटलंय." अण्णांनी माउस फिरवून डिस्कचा एकूण आकार जीबीत दाखवणारी खिडकी उघडली. "ऐंशी. आदी बी ऐंशीच हुतं. वजन तेवढंच हाय, मग जातंय कुटं?"

खरंच सांगतो, मी त्यांच्या पलंगावर मटकन बसलो. बसवताना त्या सीडीनं विचारलं असणार: जुन्याशेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून नव्यानं बसवू? मी विचारलं, "अण्णा, तुम्ही काय निवडलं?"

"सगळं पुसून," अण्णा शांतपणे म्हणाले. "जुन्याला नवं डाग देऊन जोडलं की तिथंच तुटतंय. आटवून घडवावं."

इंग्रजीत असतं तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. मराठीत होतं म्हणून वाचलं, नीट समजून घेतलं आणि चांदीच्या हिशेबानं अगदी बरोबर उत्तर दिलं. आटवलं तरी चांदी जात नाही, हे त्यांनी जन्मभर डोळ्यांनी बघितलं होतं. मी त्यांच्यावर ओरडलो. खच्चून ओरडलो. वयाचा मान गेला खड्ड्यात. चित्र म्हणजे चांदी नव्हे, ते पुसलं की वजन राहतं आणि चित्र जातं, हे मी त्यांना चार तऱ्हांनी सांगितलं. चौथ्या वेळी ते समजले. त्यांचा आवाज गेला. एवढा मोठा आवाज, तो बसलाच.

"अक्कांना सांगितलं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मशीन कसाला लावलंय, झालं की दाखवतो, असं सांगून आठवडा काढला होता.

डिस्क मी पुण्याला माझ्या ओळखीच्या माणसाकडं पाठवली. परत आली ती तशीच. त्यानं कळवलं, वरून इतकं भरलंय की खालचं काही हाताला लागत नाही. त्या भजनांच्या सीड्या मला तेव्हा फोडून टाकाव्याशा वाटल्या. डिस्क परत जोडली, तर त्यावर लिनक्स तेवढी होती आणि अण्णांनी ती तशीच राहू दिली.

अक्का रोज विचारायच्या आणि अण्णा रोज सांगायचे, लाइट नाही. त्या वर्षी लोडशेडिंग इतकं होतं की हे खपूनही जायचं. पण दुसरीकडं अण्णांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. इतकी वर्षं इतके पैंजण विकले, ते कुणाच्या तरी पायात असणारच. मग त्यांनी दुकान गड्यावर सोडलं आणि अंबाबाईच्या देवळाबाहेर, जिथं बायका चपला काढून ठेवतात, तिथं जाऊन बसायला लागले. माझा डिजिटल कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून मलाही बसवलं. दोन बाप्ये बायकांच्या पायाकडं टक लावून बसलेत! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अण्णा ओळखायचे, "हा आपला!" मग हात जोडून त्या बाईला विनंती, मग फोटो. काही बायका द्यायच्या, काही शिव्या घालायच्या. असे बरेच फोटो झाले. आणि एके दिवशी कोडोलीच्या चिमणाबाईंनी आम्हाला धरलं.

"काय ओ पावणं, मगाधरनं माज्या पायाकडं काय बघतासा? काय सांडलंय तितं?" एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हातात चप्पल. आता बसतेय असं वाटून मी कॅमेरा पोटाशी धरला.

अण्णांनी सगळं सांगितलं. बायकोचा हात, आटवलेली चांदी, पुसलेली चित्रं, काही लपवलं नाही. चिमणाबाईंनी चप्पल खाली टाकली. "आगं आई गं!" एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर बसून पाय पुढं केले. "घ्या फोटू. माज्या लेकीच्या बारशाला गुजरीतनंच घेतल्यालं हाय."

अण्णांनी वाकून बघितलं. पैंजण झिजून पार गुळगुळीत झाले होते. "आपलं न्हवं हे," ते माझ्या कानात पुटपुटले. पण बाई हटायला तयार नव्हत्या, म्हणून मी त्यांचाही फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी अक्कांना खुर्चीत आणून बसवलं. मी फोटो कॉम्प्युटरवर घातले होते. अण्णांचा बेत असा, की हेच जुने नमुने म्हणून दाखवायचे. अक्कांना काही कळू द्यायचं नाही.

पहिला फोटो उघडला. अक्कांनी बघितलं. "हे माजं न्हाय."

दुसरा उघडला. "हे बी न्हाय."

अण्णा भराभर पुढं जात राहिले आणि अक्का दर वेळी तेच म्हणत राहिल्या. ज्याच्यावर अण्णा पैज लावायला तयार होते, त्याच्याकडं तर त्यांनी नीट बघितलंही नाही. चोख चांदी हातावर ओळखणारा माणूस, आणि घरातला एक नमुना त्याला ओळखता येऊ नये?

"माजी कुटं हायत?" अक्कांनी विचारलं.

"आटवली, गंगे."

"चांदी आटिवली ते ठावं हाय मला. चित्रं कुटं हायत?"

अण्णांनी खाली बघितलं. "ती बी आटवली."

काय करावं ते न सुचून मी उगीचच पुढचा फोटो उघडला. तो चिमणाबाईंच्या पायाचा होता.

"ह्यो आपला न्हवं," अण्णा घाईनं म्हणाले, "त्या बाई ऐकंनात म्हणून..."

अक्कांचा डावा हात वर आला. थांबा. त्या खुर्चीत पुढं सरकल्या आणि त्या झिजलेल्या कडीवर बोट ठेवलं.

"ह्यो माजा. जोंधळ्याचं कणीस. शशिधरच्या येळंला पोटुशी हुते, तवा वळलेला." शशिधर त्यांचा थोरला. अक्का अण्णांकडं वळल्या आणि हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "इतकी वर्सं दुकानात बसलासा, आन् तुमी वजनच बघिटलं की."

डिस्क पुसली गेली तेव्हा मी हादरलो होतो, पण या वाक्यापुढं ते काहीच नव्हतं. त्या खोलीतून उठून पळावंसं वाटलं. अण्णा तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत होते.

मग ते म्हणाले, "मग दुसरा कसा हुता? सांग की."

मी त्यांच्या समोर इतकी वर्षं दुकान थाटून होतो. अक्कांना असं काही विचारताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पयलं ते मशीन बंद करा," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी 'बंद करा' वर दाबलं. स्क्रीन निळा झाला आणि तसाच राहिला. मग त्यांनी भिंतीतली पिनच उपसली, कपाटातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं आणि स्टूल ओढून अक्कांच्या डाव्या हाताशी बसले.