सातवीचं पान

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तिला सांगायला गेलो तर ती आधी विचारेल, इतके दिवस गप्प का बसलात. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

सुलतान बाजारात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मी, माझा मोठा भाऊ आणि त्याची बायको, सरितावहिनी. दादा कापड आणि गिऱ्हाईक बघतो, वहिनी शाळांमध्ये जाऊन मुलींची मापं घ्यायच्या, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. पूर्वी मापं चिठ्ठ्यांवर यायची, चिठ्ठ्या हरवायच्या, मास्टर — म्हणजे आमचे टेलर — परेशान व्हायचे. मग मीच ती ऑनलाइन शीट बनवली. वहिनींनी शाळेत उभं राहून मोबाइलवर माप भरलं की इकडे दुकानात मला लगेच दिसणार. कुठल्या साइझचे किती, कापड किती मीटर, सगळं आपोआप. काय मिरवलं होतं मी त्याचं!

पण त्या शीटची एक खोड आहे. आत कोण आलंय ते सगळ्यांना दिसतं. वर कोपऱ्यात त्याच्या नावाचं अक्षर येतं, आणि तो ज्या चौकोनात असेल त्याला रंगीत कड. वहिनींची जांभळी. दुपारी घरची जेवणं उरकली की ती जांभळी कड एका मुलींच्या शाळेच्या सातवीच्या पानावर यायची आणि तिथंच घुटमळायची. काही लिहायची नाही, काही पुसायची नाही — नुसती खाली-वर. कशाला? मापं तर कधीच भरून झाली होती!

मला शक आला. हसू नका. वहिनींची भाची त्याच शाळेत, त्याच सातवीत. मी म्हटलं, शाळेच्या ऑर्डरीत माहेरची आणखी दोन-चार नावं घुसवताहेत बहुतेक. आणि एकदा शक आला की माणूस किती हुशार होतो हो! त्या चहा घेऊन आल्या की मी लॅपटॉप अर्धा मिटायचो. दादाशी हळू बोलल्या की माझे कान टवकारलेच. सरळ विचारलं का कधी? नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला — खरं सांगू? — मला ते नकोच होतं. दुकानात लोक आधी त्यांना विचारायला लागले होते, मग मला. मला त्या चोर निघायला हव्या होत्या.

एका संध्याकाळी मी सातवीचं पान उघडलं, नावांचा रकाना धरला आणि तो अकारविल्हे लावून टाकला. म्हटलं, सारखी आडनावं एकाखाली एक येतील, जादा नावं उघडी पडतील. काही नव्हतं. भाचीचं नाव एकदाच. चक्क वाईट वाटलं मला, म्हणजे बघा! तसंच पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या यादी छापून मास्टरांकडे गेली.

मी फक्त नावांचा रकाना हलवला होता. मापं जागच्या जागी राहिली. छाती, कंबर, उंची — सगळं भलत्याच मुलीच्या नावासमोर. आणि बेरीज? तंतोतंत. तितक्याच मुली, तेच साइझ, तेवढंच कापड. माझ्या शहाण्या शीटला काही खुपलं नाही, मलाही नाही.

वाटपाच्या दिवशी मुलींनी नवे कुडते वर्गातच अंगावर चढवून बघितले. एकीचा खांद्यावरून घसरतोय, एकीचा डोक्यातून जाईना. एक जाडसर मुलगी त्यात अर्धी अडकली आणि अख्खा वर्ग हसला. ती इतकी रडली म्हणे, की पुढे काही दिवस शाळेतच गेली नाही. हे शाळेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता.

दादा वहिनींवर ओरडला. कामगारांसमोर, मास्टरांसमोर. "जमत नव्हतं तर सांगायचं होतंस! मापं काय उंदरांनी हलवली?"

"यादी छापायला जाईपर्यंत मी रोज दुपारी बसून एकेक माप ताडून बघत होते," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, कोणी काय बदललं ते शीटमध्ये निघतं ना? काढा की."

मी म्हणालो, आत्ता नेट चालत नाहीये, उद्या बघू.

नेट चालत होतं. त्या गेल्यावर मी बघितलं. सातवीचं पान, नावांचा रकाना, बदलणाऱ्याचं नाव — माझं. तोवर मला खरंच कळलं नव्हतं. पण त्यानंतरचं सगळं मी कळूनसवरून केलंय. शीटची नवी प्रत काढली, कारण प्रतीत मागचे बदल येत नाहीत. जुनी पुसली, कचऱ्यातूनही काढली. दादाला सांगितलं, शीट बिघडली होती, नवी केली. आणि वर हेही म्हणालो, वहिनींना झेपत नाही, राहू दे त्यांना घरी. हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

वहिनी दुकानाच्या किल्ल्या परत द्यायला आल्या तेव्हा हातात मोबाइल होता. "नव्या शीटमध्ये मागचं काही दिसत नाही, भावजी," म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. मी म्हणालो, नाही दिसत. त्या "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्यांना कळलंय का? जुनी पुसण्याआधी त्यांनी बघितलं असेल का? रोज मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. काही म्हणजे काही सापडत नाही. नणंदांचे फोन, वाटणं-घाटणं, दादाचे डबे — सगळं नीट चाललंय. मापं घ्यायला आता पगारी बाई ठेवलीय.

परवा जेवताना दादा म्हणाला, हिनं केलेला घोळ तू निस्तरलास म्हणून ती शाळा हातची गेली नाही. वहिनी मला भाजी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मी नुसतं "हौ" म्हणालो आणि जेवत राहिलो.