आईच्या बाजूचा काठ

हिंगण्याहून कंपनीची बस मला चौकात सोडते तेव्हा अंगात त्राण उरलेलं नसतं. चहा घ्यावा, पाय पसरावेत, कोणी काही बोलू नये, एवढंच वाटतं. पण आई गेली त्या उन्हाळ्यात मी घरी पोचायचे तेव्हा बाबा मागावर बसून माझी वाट पाहत असायचे.

करवती काठाचं कोशाच्या रेशमाचं लुगडं विणायला आमच्याकडे दोघं लागत. बाबा आडवा धागा नेणारा मधला धोटा आणि उजव्या काठाचा धोटा फेकायचे, आई शेजारी बसून डाव्या काठाचा धोटा सांभाळायची. काठाचा धागा लुगड्याच्या मधल्या अंगाच्या धाग्यात अडकवत गेलं की करवतीसारखे दात उमटतात. पूर्वी लग्नाकार्यात याच लुगड्याला मान होता. आता सीताबर्डीच्या बाजारात छापील दातांच्या साड्या मिळतात, आणि कोणाचं काही अडत नाही.

आई गेली तेव्हा मागावरचं लुगडं अर्धंच झालं होतं. भाऊ म्हणाला, "कापून टाका न बाबा. आता कोन बसते?" बाबांनी आईचा धोटा माझ्यापुढे धरला.

मग मी बसले. हौसेनं नाही, वाद घालायची ताकद नव्हती म्हणून. लहानपणी शिकलेलं हात विसरले होते. माझे दात कधी आखूड, कधी लांब.

"काहून वं, म्हातारीचे दात बसवून राहिली का?" बाबा म्हणायचे. मी चिडायचे. "जमत नाही तर कापा," असंही एकदा बोलून गेले. त्यांनी शांतपणे चार ओळी उसवल्या आणि धोटा पुन्हा माझ्या हातात दिला.

आमच्या मागावर पदर शेवटी येतो. लुगडं उतरल्यावर बाबांनी ते खाटेवर पसरलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ध्यापर्यंत आईचे एका मापाचे दात, पुढे सगळे माझे. नेसल्यावर माझा वाकडातिकडा काठ खांद्यावर मिरवणार, आणि आईचं सुबक काम आत खोचलं जाणार.

"उलटं झालं बाबा," मी म्हणाले. "आईचं दिसाले पाहिजे होतं."

बाबा आईच्या बाजूवरून बराच वेळ हात फिरवत होते.

"दिसून काय होते वं? तूच नेस हे. तुही माय तुह्या पोटाशी राहीन."

मी खाटेच्या कडेला बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मनसोक्त रडले. बाबांनी लुगड्याची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.