हिवाळ्यातले लांडे मोर

दुष्काळाच्या त्या साली आमी बायांनी सहकारी संस्था काढली. काम काय, तर गावालगतच्या मोरांच्या अभयारण्यात पाव्हण्यांना हिंडवायचं अन् घरी आणून पिठलं-भाकरी खाऊ घालायची. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हंजी एक मजूर धरत्यात. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला कारखान्यावर. पंधरा वर्षं लेकीला सासूपाशी ठेवून मी ऊस तोडला. त्या वर्षी लेक दहावीला होती, तिला सोडून जायचं जिवावर आलतं. टोळीच्या मुकादमाला सांगितलं, जमणार न्हाई.

तो हसला. "मोर पोटाला घालणार हाय का? मार्गशीर्षात दुसरी गाडी निघंल, तवा निमूट चढा."

म्हणलं बघतेच. टँकर आला की घरटी एक घागर अभयारण्यातल्या पाणवठ्यात ओतायची, असा ठराव केला. न ओतणारीला शिव्या घालायचं काम माझ्याकडं, ते मी लई मन लावून केलं. शाळेच्या भिंतीवर पिसारा फुलवलेला मोर काढून घेतला, चांगला म्हशीएवढा.

दिवाळीनंतर पुण्याचे पाव्हणे आले, गळ्यात दुर्बिणी घालून. पाणवठ्यावर मोरही आले. एकाला पिसारा न्हाई. दुसऱ्याला न्हाई. सगळे लांडे, कोंबड्यांगत माती उकरत बसलेले.

"पिसं विकलीत की काय?" एका पाव्हणीनं विचारलं.

माझं डोस्कं तापलं. मुकादमाची गाडी डोळ्यांपुढं दिसायला लागली. तेवढ्यात भाकरीची पाटी घेऊन सासू आली. म्हणाली, "पिसं पावसाळा सरताना झडत्यात. आता नवी फुटायलीत. दरसालचं हाय."

"मग सांगितलं कावून न्हाई?" मी म्हणलं.

"इचारलं कुणी? दसऱ्याला जाता अन् पाडव्याला येता तुमी."

 आमच्या अख्ख्या संस्थेतल्या एकीनंही आपल्या गावचा हिवाळा बघितलेला नव्हता.

मग सासूच पुढं झाली. फुटणारी पिसं दाखवली, रानडुकरानं उकरलेली जागा दाखवली, मोर रात्री कोणत्या झाडावर बसतात ते दाखवलं. पाव्हणे दिवसभर तिच्या मागं. जाताना पुढच्या महिन्याचं ठरवून गेले, अट एकच, हिंडवायला म्हातारीच पाहिजे. मी पडले अध्यक्ष. मला कुणी विचारलंही न्हाई.

मार्गशीर्षात गाडी आली तवा मी अन् लेक बोरीखाली होतो. लगीन होऊन आल्यापासून या झाडाची बोरं मी पहिल्यांदा खात होते. लई आंबट होती. मुकादमानं दोनदा हॉर्न वाजवला. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या ओंजळीत आणखी बोरं टाकली अन् बसून राहिले.